चिठ्ठी नसलेली पेटी

२ मे

या घरातल्या झाकणांविरुद्ध माझी तक्रार आहे. ती इथे रीतसर नोंदवते, कारण ज्याच्याकडे नोंदवायची तो मार्चपासून भेटत नाही. आज काकडीच्या लोणच्याची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण आलं, बरणी राहिली. खारं पाणी थेट सपातांत! मग एकेक तपासलं. मध, कॉफी, रंगाचे डबे. एकही झाकण आवळलेलं नाही, सगळी नुसती वर ठेवलेली.

वेंडेल असा नव्हता. लग्नानंतर कित्येक वर्षं बरण्या अशा आवळायचा, की मला लोणचं हवं असलं तर त्याला गोठ्यातून बोलवावं लागायचं. गेल्या हिवाळ्यात गबाळा झाला. कॉफीचा मगही दोन्ही हातांत धरायचा, चर्चमध्ये उभा असल्यासारखा. पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं होतं तसं. सगळं गाव हसलं. तोही हसला.

५ मे

शेजारचा क्लाइड आला. वय सत्तरीपुढे. हिवाळ्यातल्या रविवारी तो आणि वेंडेल आमच्या गॅरेजात बसून काडतुसं भरायचे. पितळी नळीत ठिणगी देणारी टोपी, बंदुकीची दारू, वर शिशाची गोळी. चर्च बुडवायला तेवढं कारण दोघांना पुरायचं.

आमच्याकडे काडतुसं भरणारा गेला की आधी शेजारणी बटाट्यांचं भांडं घेऊन येतात. महिन्या-दीड महिन्याने त्याचा एखादा दोस्त येतो आणि त्याची काडतुसं फोडतो. दुसऱ्याच्या हातची काडतुसं कोणी उडवत नाही. आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि मेलेल्याला विचारता येत नाही. क्लाइडने तो पोकळ डोक्याचा हातोडा आणला होता. डोक्यात काडतूस अडकवायचं, ठोका मारायचा, की गोळी सुटून येते आणि दारू सांडते. दारू अंगणात टाकायची. गवताला चांगली म्हणतात.

पेट्यांवर वेंडेलच्या अक्षरात चिठ्ठ्या. कोणती दारू, कधी भरली, ‘अस्वलासाठी’, ‘निशाणासाठी’. एका पेटीवर मात्र काहीच नाही. वेंडेल आणि चिठ्ठी नाही! हा माणूस फ्रीजरमधल्या सूपवर चिठ्ठी लावायचा.

क्लाइडने आधी तीच उचलली. मी काढून घेतली.

“ही नाही.”

“अगं आयडा, नेमकी हीच. आत काय आहे देव जाणे.”

“मग देव जाणो. ही नाही.”

बाकी सगळ्या क्लाइडने फोडल्या. बराच वेळ ठोके ऐकत बसले. जाताना दारात घुटमळला. वेंडेलने त्याच्याकडून दारूचा एक डबा उसना नेला होता, सापडला तर बघ, घाई नाही, म्हणाला. माणूस जाऊन दोन महिने नाहीत आणि याला डबा! म्हटलं, हवं तर मृत्यूच्या बातमीखाली शुद्धिपत्रक छापून आणते. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि गेला.

९ मे

पेटी का ठेवली ते लिहून ठेवते, नाहीतर मलाच वेड्यासारखं वाटेल.

जूनमध्ये खिंडीतला बर्फ उतरला की त्याची राख वरच्या तळ्यावर न्यायची. त्याचीच इच्छा. ती अस्वलांची वाट, म्हणजे त्याचं ते धूड रिव्हॉल्वर कमरेला हवं. आणि त्यात त्याच्या हातची काडतुसं. शेवटची. आता तो हात काही भरणार नाही.

अडचण एकच. ती तोफ मी जन्मात एकदाच उडवली. धक्क्याने नळी वर आली आणि कपाळाचा मुका घेऊन गेली. व्रण अजून केसांखाली आहे. त्यावर सदरात ‘आमची तोफ’ लिहायला घेतलं ते वर्षानुवर्षं चाललं. तोफ घेऊन फिरणारा, बिजागऱ्या उखडणारा, अस्वलालाच घाबरवणारा नवरा. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय तोफखाना, आज सुट्टी?

तेव्हा सरावापुरती तरी हलकी काडतुसं मीच भरायची. शिकायचं.

१२ मे

रोक्सीच्या बंदुकांच्या दुकानात गेले. तिने दारूचे डबे मांडले, आणि सरबतं मांडल्यासारखं समजावत बसली.

पहिली वेंडेलची. काळ्या बारीक वाळूसारखी, सावकाश जळणारी. पूर्ण जोर, हातभर ज्वाळा. मी म्हटलं, हीच निम्मी घालते. दुकानातले पुरुष वळून बघायला लागले. जणू मी माशावर जॅम मागितला!

“ती दारू पूर्ण भरायची, नाहीतर भरायचीच नाही,” रोक्सी म्हणाली. “कमी पडली तर गोळी रिव्हॉल्वरच्या नळीतच अडकते. पुढची येते ती तिच्या पाठीवर, आणि नळी फुटते.”

दुसरी भरभर जळणारी. चिमूटभर पुरते. पण काडतुसाच्या एवढ्या मोठ्या पितळी नळीत चिमूट तळाशी बसते, दोनदा पडली तरी दिसत नाही. मग रिव्हॉल्वर फुटतं, बहुधा हातासकट. हल्ली मी कॉफीत साखर दोनदा घालते. विचारसुद्धा केला नाही.

तिसरी मात्र माझ्यासारखीसाठीच. फुगीर, बारीक बारीक कड्यांची. पितळी नळी एवढी भरते की दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडतेच. धक्का मवाळ. वेंडेल तिला ‘पोरांची न्याहारी’ म्हणायचा. न्याहारीने अस्वल मरत नाही, म्हणायचा.

ती द्या, म्हटलं. रोक्सी हसली. ती दारू दुकानात येऊन जमाना झाला. ज्याच्याकडे आहे तो बायको देईल, डबा देणार नाही.

१६ मे

आज कोणाशीही बोलले नाही. एक कुत्रा पाळायला हवा होता.

२१ मे

चिठ्ठी नसलेल्या पेटीतलं एक फोडलं. एकच. आत काय आहे ते कळल्याशिवाय नेणार कशी? क्लाइडचा तो हातोडा इथेच राहिला होता, तोच घेतला. पहिला ठोका अंगठ्यावर, दुसरा बाकावर, तिसऱ्याला गोळी सुटली.

कागदावर काळी वाळू पडली नाही. कड्या पडल्या! मुंगीच्या बोटात बसतील एवढ्या कड्या. न्याहारी!

माझं कपाळ फुटलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, “तुला झेपेल असं काहीतरी भरून देईन.” मी म्हटलं होतं, काही नको. आणि याने ती दारू मिळवली, गुपचूप भरून ठेवली. म्हणून चिठ्ठी नाही! जूनमध्ये आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. तेव्हा देणार होता.

एवढ्या वर्षांत या माणसाने मला वाढदिवसाला काय काय दिलं! बर्फाचं फावडं. गाडीची बॅटरी. आणि आता हे. मी गॅरेजात बसून हसत होते. मग हसत नव्हते.

क्लाइडचा उसना डबाही मग याच दारूचा. पंपाच्या खोलीत रंगाच्या डब्यांमागे सापडला. उचलून बघितला तर अर्धाअधिक आहे. बिचाऱ्याला मी काय काय बोलले!

२४ मे

पाय भाजलाय, म्हणजे खायचा, रुबार्बच्या आंबट देठांचा. उद्या पाय, पेटी आणि डबा घेऊन क्लाइडकडे. माफी मागायची. मला येत नाही, पण प्रयत्न करीन.

खूप दिवसांनी सदराचं पहिलं वाक्य सुचलं.

२५ मे

वाक्य खोडलं.

क्लाइडने सगळं ऐकून घेतलं. पायला हात लावला नाही. मग म्हणाला, “पोरी, ती तुझ्यासाठी नव्हती. त्याच्या उजव्या हातातला जोर गेला होता, हिवाळ्याआधीपासूनच. मोठ्या काडतुसांचा धक्का पेलवतच नव्हता त्याला.”

मला का नाही सांगितलं?

“मी म्हटलं होतं सांग म्हणून. तो म्हणाला, तिच्या सदरातला तो तोफवाला मला आवडतो. पेपरात तरी त्याला राहू दे तसाच.”

मार्चमध्ये घाटातल्या वळणावर गाडी त्याच्या हातून सुटली. बर्फ होता, शेरीफ म्हणाला. असेल. हाताचं कोणी विचारलं नाही, आणि सांगणार कोण होतं? घरातलं एक एक झाकण मला सांगत होतं.

पेटी क्लाइडपुढे सरकवली. दोघांनी मिळून फोडली. कड्या त्याच्याच अंगणात टाकल्या.

निघताना डबा त्याच्या फळीवर, रिकाम्या जागी ठेवला. झाकण वेंडेलने लावलेलं, नुसतं वर ठेवलेलं. ते मी घट्ट आवळलं.