संसारातल्या शंभर चुका (सचित्र)

१० फेब्रुवारी १९३९, सेलू. सकाळी ९.
कापसाच्या जिनिंगचे मॅनेजरसाहेब बदलून गेले. जाताना त्यांचा डब्बा कॅमेरा मला देऊन गेले. कारखान्यात पाच कारकून, पण दिला मला. माणसाची पारख असलेला माणूस. आजपासून फोटोग्राफी आणि रोजनिशी, दोन्ही नियमित. एका रोलात आठ फोटो. नियम एकच सांगितला: सूर्य पाठीशी ठेवायचा.

१२ फेब्रुवारी.
विषय मिळाला. देवळं आणि डोंगर सगळेच काढतात. सकाळी आमच्या महादेवीनं दूध पातेल्यात न ओतता पातेल्याच्या शेजारी ओतलं. पातेलं कोरडं, दूध जमिनीवर, आणि ही ओततच राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. मी रागावलो नाही. स्वयंपाकघरात उजेड पुरेना, म्हणून उरलेलं दूध अंगणात पुन्हा सांडून घेतलं आणि फोटो काढला.
पुस्तकाचं नाव ठरलं: 'संसारातल्या शंभर चुका (सचित्र)'. गृहिणींसाठी. महिन्याला पंचवीस धरल्या तर जूनमध्ये पुस्तक छापखान्यात. एका घरात एवढ्या चुका होतील का, हीच काय ती काळजी.

२० फेब्रुवारी.
होताहेत. चूक क्र. २: वरणात मिठाऐवजी खडीसाखर. क्र. ३: ओलं धोतर दांडीवर न टाकता दांडीच्या शेजारी, हवेत. धोतर मातीत आणि ही खुशाल आत निघून गेली. क्र. ४: रांगोळीवर रांगोळी.
नवा नियम केला. काही सांडलं तर ऊन तिथवर येईपर्यंत पुसायचं नाही. शेजारच्या धुरपताबाई कुंपणावरून म्हणाल्या, कालचं वरण तसंच पडलंय, मुंग्या लागायल्यात की. बाईंना कलेतलं काय कळतं.

५ मार्च.
पहिला रोल परभणीहून धुऊन आला. सोबत स्टुडिओवाल्या हमीदमियाँची चिठ्ठी, की दर फोटूत पुढं आपली सावली पडायली, जरा संभाळा. सूर्य पाठीशी म्हटल्यावर सावली पुढंच पडणार. ती माझी सही समजावी.
महादेवीला दाखवले. एकेक हातात धरला आणि म्हणाली, लय चांगले आलेत. एक फोटो पार काळा निघालाय, त्यात काहीच नाही. तोही चांगला म्हणाली. हिला एवढी समज असेल असं वाटलं नव्हतं. आता रोज दाखवत जाईन.

१४ मार्च.
ढग. एकही चूक नाही. दिवस वाया.

२२ मार्च.
महादेवी म्हणाली, कपाळ लय दुखायलंय, आन् दिवा लावला की त्याच्याभवती रंगीत कडं दिसतंय. आमच्या कॅमेऱ्यात रंग येत नाहीत, त्यामुळं तो विषय सोडून दिला. सुंठ उगाळून लावायला सांगितली.
एक गोष्ट मुद्दाम उभा राहून पाहिली. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते तेव्हा भस्म, बेल, सगळं जिथल्या तिथं. चूक म्हणून नाही. म्हणजे मनावर घेतलं तर हिला येतं.

३ एप्रिल.
उजेडासाठी चूल अंगणात आणली. माठ, डबे, उतरंड, सगळ्याच्या जागा बदलल्या. चुका एकदम दुपटीवर गेल्या. आज हिनं तव्यावरच हात टेकला (क्र. २६). ही कल्पना आधीच सुचायला हवी होती.

९ एप्रिल.
स्वतः परभणीला गेलो. हमीदमियाँ भिंग लावून बराच वेळ फोटो बघत बसले. म्हणाले, साब, बाई हर फोटू में अलगच बाजू देखरे. मी म्हणालो, तेच तर माझं रडगाणं आहे. मी 'इकडे बघ' म्हणालो की ही आवाजाच्या अंदाजानं कुठं तरी बघते, कॅमेऱ्याकडं नाही. लक्षच नाही. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, बाई की नजर दिखा लेव, साब.
शिकलेला माणूस, पण नजरबिजर मानतो. गाडीत मात्र विचार केला. एका बाईच्या हातून दोन महिन्यांत तीस चुका, म्हणजे नजर लागलेली असूही शकते. माझा संशय धुरपताबाईंवर.

१० एप्रिल.
नजर काढली. मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मठातलं भस्मही लावलं. धुरानं महादेवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुपारपर्यंत डोळे उघडेनात. नजर जबरदस्त होती.

२ मे.
निष्काळजीपणा कमी होण्याचं नाव नाही. काल उंबऱ्याशी तेलाची बरणी कलंडली. तिथं ऊन सकाळी आठला येतं, म्हणून नियमाप्रमाणं तसंच ठेवलं. साडेसातला ही त्याच्यावरून घसरली. एवढं तेल दिसत नाही का, असं विचारलं. मनगट सुजलंय. आठपर्यंत तशीच बसवून ठेवली. क्र. ३८. सबंध सिरीजमधला सर्वांत स्वच्छ फोटो येणार.

१४ मे.
मनगटाचं कळल्यावर पालमहून तिचे भाऊ बसवंतराव आले. आल्या आल्या अल्बम त्यांच्या हातात दिला. शेवटपर्यंत पाहिला, मग परत पहिल्यापासून. मी म्हणालो, लय मेहनत आहे ह्यात. त्यांनी अल्बम मिटून ठेवला. उठून ओसरीवर बहिणीपुढं जाऊन बसले. दोन बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. ही हसली. आता काय ल्हान पोरावानी खेळायलाव दादा, म्हणाली. त्यांनी परत विचारलं. ही म्हणाली, चार.
दुपारी कुणी जेवलं नाही.

१५ मे.
बसवंतराव तिला हैदराबादला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. जरा जास्तच बाऊ करताहेत. उन्हाचा त्रास असणार. मला सोबत चला म्हणाले. सीझन संपलाय, तरी कारखान्यातून रजा मिळणार नाही. मागितली नाही, पण मिळणार नाही.

१९ मे.
भाकरी स्वतः केली. करपली. ह्याचा फोटो काढण्यात अर्थ नाही.

२९ मे.
बसवंतरावांचं पत्र. काचबिंदू. डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तेही टिकेल असं नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीत आणलं असतं तर काही करता आलं असतं. खाली त्यांनी एक ओळ लिहून खोडली आहे. उन्हात धरल्यावर वाचता आली. इथं लिहीत नाही.
हैदराबादचे डॉक्टर म्हणजे काही शेवटचे नव्हेत. पुस्तक निघालं की मी तिला मुंबईला नेणार. चुका एक्केचाळीस झाल्या आहेत. एकोणसाठ कमी पडतात.

१८ जून.
महादेवी घरी आली. चूल आत नेऊन ठेवली. सगळ्या वस्तू जुन्या जागी लावल्या. बहुतेक जागा मला आठवेनात. तिनं हात लावून सांगितल्या.
मग विचारलं, तो काळा फोटो तू चांगला का म्हणाली होतीस. म्हणाली, संक्रातीपासून कागदावरचं मला काय बी दिसत नव्हतं. तुमी रोज इचारायचाव. चांगला म्हनलं की खुश व्हायचाव.
मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, सांगितलं की. कपाळाचं सांगितलं. दिव्याचं सांगितलं.
खरं आहे. २२ मार्चला माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

१९ जून.
आज तिनंच अल्बम मागितला. एकेक फोटू सांगा म्हणाली. मी सांगत गेलो. दूध. धोतर. रांगोळी. तवा. तेल. एक्केचाळीस झाले. सगळे ऐकले. शेवटी विचारलं, ह्यात तुमी कुटं हाव.
मी म्हणालो, काढणारा फोटोत नसतो.
बरं म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली.
अल्बम परत पाहिला. तो काळा सोडून बाकी सगळ्या फोटोंत खालच्या कडेला माझी सावली आहे. काहींत ती तिच्या पायांपर्यंत गेली आहे.
तिला सांगितलं नाही.