मिश्रीला तंबाखू कोण म्हणतं?

महाळुंगे,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नीलास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

माझं पत्र बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल बापडी. बहिणीचा फोन तू उचलत नाहीस, मग मी दुसरं काय करू? इकडं सगळं ठीक. कंपनीच्या कँटीनला अजून पोळ्या लाटते. खोली तीच. तुझी करिष्मा सासरी सुखात आहे ना?

मागच्या सोमवारी कंपनीत तोंड तपासायचं शिबिर होतं. एक तरुण डॉक्टरीण आली होती, भारी बोलकी. म्हणाली, तोंड येणं घरोघरी असतं, बायकांना जरा जास्तच, आणि ते आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं. पांढरे चट्टे तेवढे सर्रास नसतात. तंबाखूवाल्यांना होतात, जास्त करून चाळिशीपुढच्या गड्यांना. दुखत नाहीत, म्हणून कळत नाहीत.

मग आम्हा कँटीनच्या सात जणींचा नंबर आला. "तंबाखू खाता का?" "शी, बाई! आम्ही काय गडी आहोत?" पोळ्यांवरची तानुबाई तर पदर तोंडाला लावून हसली. सातही कागदांवर 'नाही' लिहिलं गेलं. तिनं बॅटरी मारून एकेकीचं तोंड बघितलं आणि कागद बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मावशी, दात कशानं घासता?" आम्ही एका सुरात, "मिश्रीनं!"

अगं, तंबाखू आपणच तव्यावर भाजतो, आपणच कुटतो, तरी एकीच्याही डोक्यात आलं नाही बघ. तिनं सातही कागद पुन्हा लिहिले.

नीला, तुला मिश्री मीच लावली. आई गेली त्या वर्षी तुझी दाढ ठणकत होती, मी बोट भरून हिरडीला चोळली. तू चक्कर येऊन पडलीस आणि मी मेली हसले. नऊ वर्षांची होतीस गं. उजेडात आरसा घे, ओठ उलटा करून बघ, गालाच्या आतून बघ. पांढरं, खरखरीत, पुसून न जाणारं काही दिसलं तर लगेच तालुक्याला दाखव. आळस करू नकोस.

आणखी एक. करिष्माच्या लग्नाला रजा मिळाली नाही असं मी म्हणाले, ते खोटं. रजा मिळत होती. हे मला टाकून गेले होते, मग मांडवात एकटीनं उभं राहायची लाज वाटली. चार वर्षं तू बोलली नाहीस, तुझं काही चुकलं नाही.

माझ्या खालच्या ओठाच्या आत चट्टा आहे. नखाएवढा, मध्ये लाल. डॉक्टरीण म्हणते, बहुतेक चट्टे काही करत नाहीत, थोडेच बिघडतात. पण लाल आहे म्हणून तुकडा काढून तपासायचा आहे, सोमवारी चोवीस तारखेला. मला फार भीती वाटते, नीला.

दवाखान्याच्या कागदावर सोबत येणाऱ्या नातेवाइकाचं नाव लागतं. बराच वेळ पेन धरून बसले. मग तुला न विचारता तुझं लिहिलं. तू आली नाहीस तरी खोडणार नाही, दुसरं लिहायला कुणी नाही.

तुझीच,
कस्तुराअक्का