जिन्याचं फाटक

१ नोव्हेंबर १९९९

आज परत! पीठ मळत होते, वळून बघते तर चटई रिकामी. माझी पोरगी राहत जिन्याच्या तोंडाशी, एक पाय खाली सोडून बसलेली. पिठाच्या हातानंच उचलली. फ्रॉकवर माझी बोटं उमटली.

चालायला लागल्यापासून हिला दुसरं काही सुचतच नाही. घरात खेळणी आहेत, डबे आहेत, आई आहे - पण नाही. जिनाच पाहिजे. आणि जिना तरी कसला! लोखंडी, उभाच्या उभा, दोन पायऱ्यांच्या मधून खालचं अंगण दिसतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नुसता पाइप. त्याच्याखालून माझी पोरगी उभीच्या उभी जाईल. दारासमोर पावलापुरती जागा, की लगेच उतार.

दार लावून घे, असं कुणीही म्हणेल. दार पावसाळ्यात फुगलंय. लावायचं तर खांदा देऊन ढकलावं लागतं आणि मग असा आवाज होतो की आत झोपलेला शफीक ताडकन उठून बसतो. रात्रभर कंपनीत उभा राहून आलेला माणूस. त्याला कसं उठवायचं?

दिवसा आमच्या घरात कुणी बोलत नाही. भांडं ठेवायचं ते फडक्यावर. शिट्टी होईल म्हणून कुकर शफीक उठल्यावर. राहतशीसुद्धा खुणाच. तळहात उभा धरला की थांब, बोटं हलवली की ये. पोरगी लगेच समजते, हे कबूल केलं पाहिजे. हात दिसला की जागच्या जागी थांबते. पण पाठ फिरवलेली असली की संपलं. मग मीच पळायचं. अनवाणी, आवाज न करता. दिवसभर नुसती पळतेय.

३ नोव्हेंबर

दारात ओढणी आडवी बांधली. खालून गेली.

४ नोव्हेंबर

ओढणीखाली रिकामा सिलिंडर ठेवला. सकाळी शफीक आला आणि त्यालाच ठेच लागली. अंगठा धरून बराच वेळ बसला. मी हसले नाही. हसायलाही आवाज लागतो.

त्याला म्हटलं, फाटक कधी करणार? तू तर मशिन दुरुस्तीवाला. तिकडं प्रेसला जाळ्या बसवतोस, कुणाचं बोट जाऊ नये म्हणून. इथं आख्खी पोरगी जायची वेळ आलीय.

"बसाता ना मैं. जरा उसंत तो मिलने दे."

उसंत! लग्नात म्हणाला होता, लासूरला माहेरी महिन्यातून एकदा नेईन. तेही उसंत मिळाली की. मशिनी दिवसा चालतात, म्हणून दुरुस्ती रात्री. राहत पोटात होती तेव्हा तिसरी पाळी लागली, ती आजतागायत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरी येऊन बघावा.

त्याचाही दोष नाही म्हणा. डोळे लाल. जेवताना घास हातात धरून झोपतो.

५ नोव्हेंबर

खालच्या साळूबाईंनी उपाय सांगितला. घरमालकीण आहेत, उपाय सांगायचा हक्कच आहे त्यांना.

"अगं, बांधून ठेव की पोरीला! आम्ही रानात जायचो तवा लेकरू बाजंच्या पायाला लुगड्यानं बांधायचो. कुठं काय झालं? माझं थोरलं तसंच वाढलं, आता ट्रक चालवतंय."

जुन्या साडीची पट्टी काढून बांधली. राहत रडली नाही. पट्टी ताणून माझ्याकडं बघत बसली - मी काय गुन्हा केला, असं. चपातीचा तवा उतरवला आणि सोडली तिला. मला नाही जमायचं.

मग साळूबाईंनीच त्यांच्या नातीचे घुंगरांचे वाळे वर आणून दिले. "घाल पायात. कुठं हाय ते न बघता कळंल." हे मात्र अक्कल असलेलं काम.

६ नोव्हेंबर

वाळे काढले. दोन पावलं टाकली की छुम-छुम, आणि आतून शफीकचा आवाज, "बंद करो वो!" एक दिवसही टिकले नाहीत.

साळूबाईंची नात म्हणे पाय आपटून आपटून ते वाजवायची. राहतला काही कौतुक नाही. वाजतायत तर वाजू देत. एकदा खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. बापावर गेलीय. दागिन्याची हौस नाही.

७ नोव्हेंबर, दिवाळी

कंपनी बंद. म्हणून शफीकला जास्त काम! सगळ्या मशिनी एकदम उघडल्यात. सुट्टीत फाटक करतो म्हणाला होता. आता म्हणतो, सुट्टी संपू दे.

खाली साळूबाईंच्या यजमानांनी, रामकिसनकाकांनी, दारातच सुतळी बॉम्ब लावले. पत्रे हादरले. मी राहतच्या कानावर हात ठेवायला पळाले तर ती गाढ झोपलेली. साळूबाई फराळाचं ताट घेऊन वर आल्या, बघतच राहिल्या. "बाई बाई, असं लेकरू पायजे! आमची सगळी रातभर किंचाळतेत."

मला बरं वाटलं. एक तरी गोष्ट या पोरीनं माझ्या सोयीची केलीय.

१२ नोव्हेंबर

अंगात कणकण आहे. तरी पळतेय. कुणी विचारलं की काय करतेस, तर सांगावं - जिना राखते.

१४ नोव्हेंबर

अब्बा आले लासूरहून! पेरूंची पिशवी, अम्मीनं दिलेलं लोणचं. जिन्याकडं बघून कपाळाला हात लावला. मग कुणाला काही न विचारता दारात सतरंजी टाकली, पाठ चौकटीला, पाय समोरच्या भिंतीला, वर पेपर. "लो, हो गया फाटक." लासूरच्या धान्याच्या मोंढ्यात ज्या माणसासमोर हमाल उभे राहतात तो माझ्या उंबऱ्यात आडवा पडला.

राहतला पाठीमागून किती हाका मारल्या त्यांनी. अगदी हळू, जावई झोपलेले म्हणून. "मेरेकू पलटके बी नै देखती. नाना पे गुस्सा है क्या?" मी म्हटलं, सवय नाही तुमची. मग समोर जाऊन पेरूची फोड दाखवली तर लगेच मांडीवर.

जेवताना जुनं आठवत बसले. ही जन्मली तेव्हा शफीक कामावर, सासरे नाहीत, म्हणून बाळाच्या कानात म्हणायची पहिली अजान अब्बांनीच दिली. "तब बी ऐसीच चुप. दुसरे बच्चे हिलते, रोते. ये एकदम शांत. मैं तबीच बोला, बड़ी समझदार होनेवाली." हे त्यांनी निदान दहा माणसांना सांगितलं असेल. डोळ्यांत पाणी येतं सांगताना.

ते दारात होते तोवर मी दुपारी झोपले. पडल्या पडल्या लागली. उठले तेव्हा कळेना सकाळ आहे की संध्याकाळ.

१५ नोव्हेंबर

अब्बा गेले. फाटक गेलं.

२० नोव्हेंबर

शफीकची पाळी बदलली!! सोमवारपासून पहिली. दिवसा कामावर, रात्री घरी, माणसासारखा. मला आधी खरंच वाटेना. दोनदा विचारलं.

२२ नोव्हेंबर

शफीक पहाटेच कंपनीच्या बसनं गेला. आणि मी बोलले! दिवसाढवळ्या, माझ्या घरात. कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या. रेडिओ लावला. खिडकीचा काळा पडदा काढून धुतला. साळूबाईंना वरूनच हाक मारली तर त्या दचकल्या - "अगं बया, तुला आवाज हाय व्हय!"

दारातला सिलिंडर हलवला, ओढणी सोडली. घरात वारा खेळायला लागला. आता कशाला पाहिजे ते सगळं? जिन्याकडं निघाली की इथूनच ओरडायचं. पळणं संपलं माझं. शफीकला रात्री म्हणाले, फाटक सावकाश कर. घाई नाही.

२४ नोव्हेंबर

 सगळं लिहिते.

सकाळी फोडणी टाकत होते. बघितलं, राहत दारात. मी म्हटलं, "राहत, थांब." पुढं गेली. "राहत!" कढई खाली ठेवली आणि जीव खाऊन ओरडले. खाली साळूबाई धुणं टाकून अंगणात आल्या, समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तिनं मान वळवली नाही. आरामात पाऊल टाकलं. आणि मग दिसेनाशी झाली.

लोखंडावर डोकं आपटल्याचा आवाज मला अजून येतोय.

साळूबाई निम्म्या जिन्यापर्यंत चढून आल्या होत्या. त्यांच्या पोटावर येऊन अडकली. त्या माऊलीचा गुडघा फुटला. राहतची हनुवटी उघडी पडली. दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर म्हणाले नशीब, डोक्याला नुसतं टेंगूळ आहे.

एक गोष्ट कुणाला सांगणार नाही, इथं लिहिते. साळूबाईंनी तिला माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी तिला मारलं. रक्त गळत होतं आणि मी पाठीत धपाटा घातला. एवढी ओरडते मी, तू थांबत का नाहीस? साळूबाईंनी माझा हात धरला. "वेडी झालीस का? लेकरू हाय ते."

इतके दिवस आवाज काढता येत नव्हता तर ती पडली नाही. आवाज मिळाला आणि पडली. हे काय आहे?

२५ नोव्हेंबर

शफीकनं पत्र्याचं फाटक बसवलं. कामावरून परस्पर वेल्डिंगवाल्याकडं गेला, स्वतः उभं राहून करून घेतलं. कडी वर, माझ्या खांद्याशी.  मी म्हणाले होते ना, घाई नाही!

जोर आहे का बघायला त्यानं ते धाडकन लोटलं. खालून साळूबाई ओरडल्या, "अरे, घर पाडतुस का!" माझ्या हातातलं दूध सांडलं.

राहत चटईवर पाठ करून बसली होती. वाटीत वाटी घालत होती. घालतच राहिली.

२६ नोव्हेंबर

मी उगाच डोक्यात घेतेय. शफीक घरी येतो तेव्हा तो दिसायच्या आधी ती हसते. ऐकू येत असल्याशिवाय कसं? लोखंडी जिन्यावर पाय वाजतात, म्हणूनच ना!

संध्याकाळी मुद्दाम बघितलं. फाटकाला दोन्ही हात लावून उभी होती. शफीक खालच्या पायरीवर आला, पत्रा थरथरला आणि ती हसली. मग मी तिला उचलून कडेवर घेतलं, आणि त्याला म्हटलं खाली जाऊन परत ये. तो म्हणाला, आता हे काय? पण गेला. चढला. पाय आपटत चढला.

राहत माझ्या कानातल्याशी खेळत होती. तो समोर आला तेव्हा हसली.

साळूबाईंची पोरंही उशिरा बोलली म्हणे. लहान आहे अजून. हट्टी आहे. झोप येत नाही मला.

२७ नोव्हेंबर

शफीक गेल्यावर पितळी परात घेतली. राहत मऊ गादीवर बसलेली, तिच्या मागं उभी राहिले आणि दोन्ही हातांनी भिंतीवर आपटली. साळूबाई लंगडत वर आल्या, काय पडलं बघायला. राहत बाहुलीचे केस ओढत होती.

समोर जाऊन तळहात उभा धरला. लगेच थांबली. मान वर करून बघत राहिली, पुढं काय करू म्हणून.

अब्बांची अजान तिनं ऐकलेलीच नाही.