नागवेलीपुढचं व्याख्यान

जयनगर, बंगळूर

ती. राजलक्ष्मीअक्कास धाकट्या भगवंताचा नमस्कार.

धारवाडच्या पावसाळी गारठ्यात गुडघा कसा आहे? (मला तोंड दाखवायला जागा नाही, कारण पुढे येतंच.) वाचण्याआधी बसून घे.

गच्चीवरची आईची नागवेल गेली. शलाकाच्या लग्नात देवापुढचा पहिला विडा याच वेलीच्या पानांचा, हे तू व्याह्यांना सांगून बसली आहेस, ते मला ठाऊक आहे.

दोष तुझ्या लेकीचा नाही. मे महिन्यातच शलाकाने फॉस्फोनेटची बाटली आणून दिली. म्हणाली, "मामा, हे रोगाला मारण्यापेक्षा वेलीची स्वतःची ताकद जागी करतं. पाऊस लागण्याआधी द्या, आणि स्वल्पच द्या." धडधाकट जिवाला औषध पाजायचं? व्याख्यानं देऊन माणसं जागी करण्यात माझी हयात गेली (बहुतेक चहापर्यंतच जागी राहिली, ते वेगळं), आणि आता एक बाटली माझं काम करणार? त्या रविवारी मराठी मंडळात मी रसायनांच्या गुलामीवर कडाडून बोललो. शेजारचे गुरुप्रसाद पहिल्या रांगेत होते. त्यांनी आपल्या वेलीला हेच औषध दिलं होतं, म्हणून मी त्यांना नाव घेऊन मातीचे गद्दार म्हणालो. ते "सरी, सरी" म्हणत, बरं बरं अशी मान हलवत उठून गेले. टाळ्या मात्र पडल्या.

जुलैत पानांवर काळे डाग आले, मग बुंधा कुजू लागला. मी घाबरून ती बाटली शोधली आणि अख्खी ओतली. (हळू बोलून मी कधी कुणाला जागं केलं आहे?) उरलेली पानंही करपली. शलाकाने माती उकरून पाहिली. "मामा, हिला लढायला आधी शिकवायचं होतं," एवढंच म्हणाली. चार शब्द रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. प्रत्येकाने आपल्या बळावर उभं राहावं, असं मी जन्मभर ओरडत आलो. ते बळ देणारी वस्तू दारात आली, तर मीच आडवा आलो. आता त्या कुंडीकडे पाठ करून कपडे वाळत घालतो.

तुझा,
भगवंत

ता.क. आईच्या वेलीचं बेणं तू पूर्वी शेजारी दिलं होतंस. ती वेल कठड्यावरून खाली उतरली आहे, हिरवीगार. गुरुप्रसादांना फोन करून लग्नापुरती पानं आणि एक फांदी माग. माझं नाव काढू नकोस.

आणखी ता.क. पाकीट चिकटवताना कळलं, शलाकाने आधीच मागितलं. ते म्हणाले, हवी तेवढी न्या. पण भगवंतरावांनी स्वतः यावं आणि अर्धा तास वेलीजवळ गप्प बसावं. अक्का, सोबतीला तूच ये. एकट्याने मला जमणार नाही.