मधल्या चोराजवळच्या ताऱ्याचा पंचनामा

करमाड, दि. १४ मे

तीर्थरूप भिकनमामांच्या चरणी भाचा रामप्रसादचा दंडवत. मेंढरं, मामी आणि तुमचा गुडघा (हा क्रम आईनं सांगितलाय, माझा दोष नाही) खुशाल असावेत. डोळ्यांचा विषय निघाला की फोनवर तुम्हाला "आवाज येत नाय", म्हणून हे पत्र.

आईच्या मोतीबिंदूचं तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात, आता ऑपरेशन टाळलं तर उजवा डोळा गेलाच समजा. आई म्हणते, डोळे ठणठणीत आहेत, आभाळच बिघडलंय. पुरावा काय, तर आभाळातली बाज (पुस्तकातले सप्तर्षी) ओढणारे जे तीन चोर, त्यांतल्या मधल्याच्या खांद्याशी एक बारका तारा होता. लहानपणी मेंढरांमागं फिरताना तुम्ही दोघं तो बघायचात. तो आता नाही. "भिकनलाबी दिसत नाय," असं सांगून तिनं तुम्हाला साक्षीदारही केलंय. तारा जागेवर आहे असं एखाद्या सरकारी माणसानं लिहून दिलं तरच ती ऑपरेशनला तयार.

आमची अक्षदा (शहरात छावणी भागातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे) म्हणाली, मोठ्या सरकारी दुर्बिणीचा वेळ मागायला अर्ज करता येतो. अर्ज म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. तहसीलबाहेर बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस मी. विषय घातला, "मधल्या चोरालगतचा बारका तारा जागेवर असलेबाबत पंचनामा होणेविषयी." चतुःसीमा लिहिली: पुढं पहिला चोर, मागं तिसरा चोर, उत्तरेस ध्रुव, दक्षिणेस कोणाची हरकत नाही. वेळ किती हवा? तर "साहेबांच्या सवडीनं." आईचा अंगठा, रहिवासी दाखला, दहाचं तिकीट, सगळं जोडलं. पंच म्हणून झेरॉक्सवाल्या मुबारकभाईंनी सही केली ("मियां, आसमान का पंचनामा पैली बार देख रा मैं"). अक्षदानं कपाळावर हात मारला, पण अर्ज पाठवला.

बाराव्या दिवशी दुर्बिणीच्या ऑफिसातल्या एका बाईंचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर! माझ्या हातचा अर्ज आणि नामंजूर, दोन घास गेले नाहीत मला. पण कारण वाचलं आणि चक्रावलो. म्हणे तो तारा एवढा तेजस्वी आहे की आमच्या दुर्बिणीचेच डोळे दिपतील. तो आहे तिथंच आहे, निरभ्र आभाळात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शिवाय मधला चोर एकटा नाही, ते चौघं आहेत, लांबून एकच दिसतात. मामा, आपण जन्मभर चौघांना एक समजत आलो! मग तो बारका त्यांचा कोण लागतो? अक्षदा म्हणते, त्यावर शास्त्रज्ञांचाच अजून वाद चालू आहे. तेव्हापासून मला चैन नाही.

आईनं ते उत्तर तीनदा वाचून घेतलं. शिक्का नाही म्हणून थोडी कुरकुर केली. मग म्हणाली, "म्हंजी तारा इमानदार हाय. माझेच डोळे खोटं बोलत व्हते." पण लगेच डॉक्टरांना विचारायचं म्हणून तिनं प्रश्न काढला, नव्या भिंगातनं त्या बारक्याच्या पल्याडचं दिसतं का?

मामींना नमस्कार, आणि पत्र मिळाल्याचं फोनवर सांगा, आवाज येत असला तर.

आपला,
रामप्रसाद

ता.क. आई शुक्रवारी दवाखान्यात दाखल होतेय. धाकटा भाऊ शेजारी असल्याशिवाय तयार नाही म्हणते. शेजारी म्हणजे शेजारच्या खाटेवर. तुमचंही नाव नोंदवलंय. गंगापूरहून पहिलीच एसटी धरा, रागवायचं ते इथं येऊन रागवा.

ता.क. दुसरा. आईला सांगू नका. काल अक्षदानं मला गच्चीवर नेऊन बोटानं नीट दाखवलं. तिला मधला चोर आणि बारका, दोन दिसतात. मामा, मला एकच दिसला. मी तिला "व्हय, दिसला" म्हणालो. लई भ्या वाटतंय. तिसरं नाव नोंदवायला तुम्ही माझ्यासोबत दवाखान्याच्या खिडकीपर्यंत चला.