एकतीस जागा, पंधरा-पंधरा आणि मी

५ मे, शुक्रवार
निवडून आले. नऊ मतांनी. तीनदा मोजणी. तिसऱ्या वेळी बाबा पार्किंगमधली गाडी हलवायला गेले आणि नेमका तेव्हाच निकाल लागला.
एकूण जागा एकतीस. लाल पक्षाचे पंधरा, निळ्या पक्षाचे पंधरा, अपक्ष एक. ती एक म्हणजे मी, बेथनी हॅल्सॉल, वय चोवीस, राज्यशास्त्राची पदवीधर, आमच्या घरातली पहिली. बहुमत कुणालाच नाही. स्टॅनबर्न कौन्सिलमध्ये आता माझ्याशिवाय पान हलणार नाही.
बाबा म्हणाले, मग आपल्या गल्लीतला खड्डा आधी बुजव. आईने एवढंच विचारलं की तलाव वाचला का. म्हटलं, शंभर टक्के. मिल लेनचा तरणतलाव बंद करून जागा विकायची हा निळ्यांचा बेत. लाल विरोधात. पंधरा आणि मी, सोळा. चौथीतलं पोरही हे गणित सोडवेल.
आई तिथे बावीस वर्षं सफाई करते. पण ती तिथे नसती तरी मी लढलेच असते.

९ मे, मंगळवार
सकाळी लालांचे नेते बेस्विक यांचा फोन. म्हणाले, "ये पोरी आमच्यात, हवी ती समिती घे." सांगितलं की प्रत्येक प्रश्नावर मी गुणवत्ता पाहून मत देईन. त्यांनी फोनच ठेवून दिला. भारावले असावेत.
दुपारी निळ्यांचे थर्लबी. हे मला मिस हॅल्सॉल म्हणतात. चहाला बोलावलं, खुर्ची स्वतः ओढून दिली. मागणं काही नाही. फक्त या वर्षीचं महापौरपद त्यांच्या मिसेस क्रॉशॉना द्यावं. गळ्यात साखळी घालायची, फिती कापायच्या, शाळांत बक्षिसं वाटायची. शोभेचं पद.
संकल्प : दोन्ही बाजूंना समान न्याय. कौन्सिलचा नेता लालांचा, महापौर निळ्यांचा.

१७ मे, बुधवार
वार्षिक सभा. संकल्पाप्रमाणे मत दिलं. सगळे खूश, म्हणजे निळे.
बेस्विकनी कॉरिडॉरमध्ये गाठलं. "पोरी, मतं समसमान पडली की निर्णायक मत महापौराचं असतं. हे ठाऊक होतं ना तुला?" होतंच. मी म्हटलं, समसमान पडायला मी गैरहजर असायला हवी, आणि मी शाळेतसुद्धा एक दिवस चुकवलेला नाही. ते सरळ पबकडे निघून गेले.
जुन्या पिढीला विश्वास ठेवणं जमतच नाही.

२९ जून, गुरुवार
तलावाचा ठराव आला. मतदान १२ जुलैला.
थर्लबी पायऱ्यांवर भेटले. चौकशी करता करता विचारलं, आई काय करतात? अभिमानाने सांगितलं. "अरेरे," ते इतक्या हळू म्हणाले की मलाच त्यांची दया आली. मग म्हणाले, "सदस्यांसाठीची आचारसंहिता तुम्ही वाचलीच असेल."
वाचली आहे. दोनदा. पिवळ्या पेनाने खुणा करून. जवळच्या नातलगाच्या पोटापाण्याचा प्रश्न असेल तर हितसंबंध जाहीर करायचा आणि मतदान संपेपर्यंत सभागृहाबाहेर जायचं.
एकतीस जणांत हे कलम मनापासून वाचलेली मी एकटीच असणार.

३ जुलै, सोमवार
कौन्सिलच्या कायदा अधिकारी बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, सवलतीचा अर्ज करा, एका पानाचा आहे, दोन दिवसांत मंजूर होतो. कुणाच्या बाहेर जाण्याने पक्षांचं बळ बदलणार असेल तर अशाच वेळेसाठी ही सवलत असते. अर्ज त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी परत सरकवला. त्यांनी पुन्हा सरकवला, वर पेन ठेवून.
नाही घेतला. पहिल्याच मोठ्या मतदानाला सवलत मागायची? मग माझ्यात आणि बाकीच्या तीस जणांत फरक काय?
घरी सांगितलं. आई म्हणाली, "अर्ज भरलास तर मत देता येतं?" हो. "मग भर की." मी तत्त्व समजावलं. तिने बटाटे सोलत सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे भरणार नाहीस." बाबा म्हणाले, "हिला शिकायला धाडलं तिथेच चुकलं." गंमत करत होते. बहुधा.

६ जुलै, गुरुवार
थर्लबींचा मेल. "तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." छापून फ्रिजवर लावला. संध्याकाळी पाहिलं तर त्या जागी कचरागाडीच्या वारांचा कागद. आईला म्हणे तीच जागा सोयीची.
योजना : माझं चार पानी भाषण तिसाच्या तीस सदस्यांना आधीच पाठवायचं. मी बाहेर गेले की माझी रिकामी खुर्चीच बोलेल. निळ्यांतले किमान तिघे विरघळतील. अंदाज खरा पाचांचा आहे, पण सावधगिरी म्हणून तीन धरले.

१२ जुलै, बुधवार
गॅलरी खच्चून भरलेली. मिल लेनची माणसं गळ्यात टॉवेल टाकून आली होती. आई तिसऱ्या रांगेत, कामाची पाळी संपवून तशीच आलेली, अंगात तलावाचा निळा डगला.
मी उभी राहिले, हितसंबंध जाहीर केला. बाक फक्त थर्लबींनी वाजवला. मग मी बाहेर गेले.
बाहेर जुन्या महापौरांच्या तसबिरींखाली एक बाक आहे. तिथे बसले. दार जाड आहे, काही ऐकू येत नाही. अकरा मिनिटं.
पंधरा-पंधरा. मिसेस क्रॉशॉंचं निर्णायक मत तलाव बंद करण्याच्या बाजूने. त्याआधी म्हणाल्या म्हणे, "मी स्वतः त्याच तलावात पोहायला शिकले, मला फार वाईट वाटतंय."
निळ्यांतलं कुणीही विरघळलं नाही. एकाने माझ्या भाषणाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शब्दकोडं सोडवलेलं खुर्चीवर सापडलं.
बेस्विक जवळून गेले. आज पोरी म्हणाले नाहीत. "गुड ईव्हनिंग, काउन्सिलर."
बसमध्ये पुढच्या सीटवर शेजारच्या डॉट मावशी. मान वळवून म्हणाल्या, "काय गं बेथ, ऐन वेळी लागली होती का तुला?" अख्खी बस हसली. आई खिडकीबाहेर बघत होती.
तरी एक नोंदवून ठेवते. नियम पाळला गेला.

१४ जुलै, शुक्रवार
स्थानिक पेपरात फोटो. मी बाकावर, गुडघ्यावर हात, शेजारी पर्स. खाली ओळ : "हिच्या हातात सगळं होतं." नैतिकतेच्या प्रश्नाला पहिल्या पानावर जागा मिळाली हे चांगलंच. सविस्तर उत्तर पाठवलं, सहाशे शब्दांचं.

२८ जुलै, शुक्रवार
उत्तर छापलेलं नाही. जागा कमी पडली असेल. या आठवड्यात पान दोनवर सगळ्यात मोठ्या दुधी भोपळ्याची स्पर्धा आहे.
थर्लबींना दोन मेल केले. सुट्टीवर असावेत.

१९ ऑगस्ट, शनिवार
तलावाचा शेवटचा दिवस. कामगारांसाठी दोन शब्द लिहून नेले होते. मॅनेजर म्हणाला, वेळ नाही, आणि खरं सांगू का, नकोच.
आईला सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आणि बिस्किटांचा डबा मिळाला. पाणी सोडून दिलं होतं, माणसं गेली होती, तरी ती शॉवरची लादी पुसत होती. मी म्हटलं, आता कशाला, पाडणारच आहेत. ती म्हणाली, "पाय उचल."

२ सप्टेंबर, शनिवार
आईने नोकरीचा अर्ज भरला. टाऊन हॉलची सफाई, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी. सभागृह, कॉरिडॉर, जिने. तिचं अक्षर चांगलं आहे, तरी म्हणाली, तू शिकलेली आहेस, एकदा नजर टाक.
टाकली. सगळं बरोबर होतं. चौदावा प्रश्न : कौन्सिलच्या कुणा सदस्याशी तुमचं नातं आहे का? खाली बारीक अक्षरात, खोटी माहिती दिल्यास अर्ज रद्द होईल.
आईने 'नाही'वर खूण केली होती. पेन दाबून.
मी वर पाहिलं. ती सिंकपाशी उभी राहून कप विसळत होती. माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, "आई, हा चौदावा." ती म्हणाली, "वाचलाय मी."
मी अर्जाची घडी घातली, पाकिटात टाकला, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.