भोंगेवाल्याचा कान

जावईबापू,

राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला भोंगे लावायचं कंत्राट मला एका जावयाच्या किमतीला पडलं. तुम्ही मतमोजणी अधिकारी, खोट्या निकालावर मुकाट्यानं सही करायची सोडून लपून बसलात. फोनवर म्हणालात, "मामा, कुठे आहे ते विचारू नका." मी विचारलंच नाही. तुमच्या मागे लोहाराचा घण पडत होता आणि गिरणीचा पट्टा फटफटत होता. भोंगेवाल्याचा कान तो! राष्ट्राध्यक्षसाहेबांच्या माणसांना गल्ली सांगितली आणि मिशीला पीळ दिला, आता सारा देश आपले भोंगे ऐकणार.

लेक रडत विचारते, "बाबा, ह्यांचा पत्ता कोणी फोडला?" मी म्हणतो, "भिंतींना कान असतात, पोरी." तुमच्याकडून तिच्या हाती लागायला नको, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

तुम्ही अजून तुरुंगातच आहात. लोक रस्त्यावर उतरले, म्हणून शपथविधी बंद खोलीत उरकला. भोंगे लागलेच नाहीत.

तुमचा सासरा